कुलूपबंद कॉम्प्युटरमधलं घर

आमच्या घराचा नकाशा मी काढलेला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पाहुण्यांना घर दाखवताना ती "ह्यांनी स्वतः काढलाय हो प्लॅन, रुवैसला बसून" असं म्हणते, तेव्हा मी चहाचे रिकामे कप उचलून आत जातो. लोकांना तो माझा विनय वाटतो. मी कमी बोलतो याला लोक आयुष्यभर विनय समजत आले. त्यांच्या पारखीबद्दल माझं मत त्यामुळे कधीच चांगलं होऊ शकलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी रुवैसला होतो. अबू धाबीहून पश्चिमेला वाळवंटातून जात राहिलं की शेवटी रिफायनरीच्या ज्योती दिसायला लागतात, ते गाव. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी प्लॅनिंग इंजिनियर होतो. बायको आणि मुलगी दुबईत, करामाच्या फ्लॅटमध्ये. कारण शाळा तिथे, मराठी मंडळी तिथे, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे "माणसात राहायला नको का?" गुरुवारी दुपारी कंपनीची बस सुटायची, शुक्रवारी संध्याकाळी परत आणायची. बाकीचा आठवडा कॅम्पात.

कॅम्पात इंजिनियरला स्वतंत्र खोली, ड्राफ्ट्समनला तिघांत एक, त्याच्या खालच्यांना बंक. मेस एकच, पण टेबलं वेगळी. गणपतीत आम्ही सगळे "आपण मराठी माणसं" म्हणून गळ्यात गळे घालायचो आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या टेबलावर जाऊन बसायचो. मला ही व्यवस्था अतिशय योग्य वाटायची. बारा महिने गळ्यात गळे घालावेत असं त्या मंडळींत कुणी नव्हतं.

त्यातला सर्वांत असह्य म्हणजे आमच्या ड्रॉइंग ऑफिसातला एक ड्राफ्ट्समन. रत्नागिरी जिल्ह्यातला. डिप्लोमा अर्धवट सोडलेला, पण तोंड असं की अख्खी रिफायनरी यानंच काढली असावी. कुणाच्याही ड्रॉइंगवर वाकून "हे चुकलंय" म्हणायचा, आणि बऱ्याचदा चुकलेलं नसायचंच. मला साहेब म्हणायचा, पण त्या साहेबात आदर कमी आणि खाज जास्त.

"साहेब, इंजिनियर लोड काढतो. घर ड्राफ्ट्समन काढतो."

"आणि बांधतो कोण?" मी विचारायचो.

"गवंडी. तोसुद्धा इंजिनियरपेक्षा बरा."

त्याचं एक घर होतं. म्हणजे जमिनीवर नव्हतं, कॉम्प्युटरमध्ये होतं. गावाकडे डोंगराच्या उतारावर त्यानं जागा घेतली होती आणि तिथे बांधायचं घर तो वर्षानुवर्षं काढत होता. ऑफिसनं जुने कॉम्प्युटर स्टाफला देऊन टाकले तेव्हा त्यानं एक उचलला, खोलीत पलंगाच्या पायथ्याशी मांडला आणि ड्यूटीवरून आला की त्याच्यापुढे बसायला लागला. आज खिडकी सरकव, उद्या जिना फिरव. मेसमध्ये ताट घेऊन उभा राहिला की सांगायला सुरुवात: पडवी कशी, ओटा कसा, मागच्या दारातून चार पावलांत विहीर कशी. ऐकणारा जेवण संपवून हात धुवून आला तरी हा अजून जिन्यावरच असायचा.

पण दाखवायचा मात्र कुणाला नाही. प्लॅन कुणी चोरेल ही त्याला भीती. ऑफिसच्या प्लॉटरवर प्रिंट काढायचा नाही, कारण सुपरवायझर बघेल. फ्लॉपीवर ठेवायचा नाही, कारण फ्लॉपी कुणीही खिशात घालेल. शिवाय त्याचे दोन रूममेट त्याच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ खेळायचे, म्हणून त्यानं मशीन सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड लावून ठेवला होता. तो दर शुक्रवारी अंघोळीनंतर बदलायचा, जशी कुणी पूजा करावी.

"अहो, तुमचं घर चोरून करणार काय कुणी?" मी एकदा सगळ्यांदेखत म्हणालो होतो. टेबल हसलं. तो नाही हसला.

मग तो सुट्टीवर गावी गेला. दोन महिन्यांची सुट्टी, भाचीचं लग्न, गवंड्याशी बोलणी. जाण्याआधी रूममेटांच्या धाकानं त्यानं नेहमीपेक्षा अवघड पासवर्ड टाकला. आणि लग्नाच्या धामधुमीत तो विसरला.

परत आला तो हेच घेऊन माझ्या दारात. मी प्लॅनिंगवाला, पण माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हरचा संच होता आणि मी कधीतरी एक-दोन मशीनं उघडून बंद केली होती. तेवढ्यावर कॅम्पानं मला कॉम्प्युटरवाला करून टाकलं होतं. आंधळ्यांच्या मंडळात चष्मा लावून बसायचं, एवढंच ते काम होतं.

"साहेब, काहीतरी करा. गवंडी थांबलाय. पावसाच्या आधी जोतं घालायचंय. मी त्याला सांगून आलोय, पोचल्या पोचल्या प्लॅन कुरिअर करतो म्हणून."

"वहिनींचं नाव टाकून बघितलं?"

"टाकलं."

"मुलाचं?"

"टाकलं. उलटंसुद्धा टाकलं."

"ग्रामदेवतेचं?"

"देवाचं नाव? पासवर्डला? साहेब, माणूस कुठून कुठून येऊन त्या बटणांना हात लावतो!"

"मग तुमचं स्वतःचं?"

"स्वतःचं नाव कोण ठेवेल? मूर्ख आहे का मी?"

मी म्हटलं, मशीन माझ्या खोलीत आणून टाका, बघतो. तो आणि एक रूममेट डबा आणि मॉनिटर घेऊन आले. जाताना तो दारात घुटमळला.

"उघडेल ना?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. आखातात या शब्दामागे काहीही लपवता येतं.

तो गेल्यावर मी डबा उघडला. आत मदरबोर्डवर एक बटणासारखी बॅटरी असते, त्या बॅटरीच्या जोरावर मशीनला पासवर्ड लक्षात राहतो. ती काढली, चहा प्यायलो, परत बसवली. मशीन सुरू केलं. काही न विचारता उघडलं. ज्यापायी तो माणूस काळवंडला होता ते काम माझा चहा निवेपर्यंत झालं होतं.

त्याला लगेच हाक मारायला हवी होती. मारली नाही. त्या वेळी त्यात पापबीप काही नव्हतं, फक्त कॉम्प्युटरवाल्याची रीत होती. आमच्यात कुणीही काम लगेच झालं असं सांगत नाही. झटक्यात झालं तर त्याला मान नाही. दोन-तीन दिवस मशीन ठेवून घ्यायचं, "फार वरपर्यंत लॉक केलंय तुम्ही" असं म्हणायचं, मग उपकार केल्यासारखं परत द्यायचं. त्या तोंडाळ माणसाला दोन दिवस तरी गप्प बसवावं असंही मनात होतं.

मग सहज म्हणून मी ते घर उघडून बघितलं.

खोटं बोलत नाही, हसायच्या तयारीनंच उघडलं होतं. पण हसू आलं नाही. घर चांगलं होतं. माझ्यासारख्या माणसालाही कळावं इतकं चांगलं. आत शिरल्यावर कुठे वळायचं हे विचारावं लागू नये असं. पश्चिमेला लांब पडवी, मधे उजेडाची चौकट, जिना असा की वर जाणारा आणि स्वयंपाक करणारी एकमेकांना दिसतील. त्या बडबड्याच्या डोक्यात इतकी शांत जागा असेल असं मला वाटलं नव्हतं. मला त्याचा रागच आला.

पुण्याबाहेर आम्ही एक प्लॉट घेऊन ठेवला होता. बायको एका आर्किटेक्टची स्केचेस नाकारून बसली होती. "हे घर आहे की बँक?" आणि दर गुरुवारी, मी बॅग खाली ठेवायच्या आत: "तुम्ही इंजिनियर ना? मग तुम्हाला नाही का काढता येत?" मला खरंच येत नव्हतं. मी वेळापत्रकं आखायचो, दुसऱ्यांनी काढलेल्या भिंती कधी पूर्ण होतील ते सांगायचो. पण हे कुठल्या नवऱ्याला सांगवतं? मी म्हणायचो, "बघू, वेळ मिळाला की."

बुधवारी ऑफिस रिकामं झाल्यावर मी त्या घराची प्रिंट काढली. फक्त कल्पना म्हणून दाखवायची, असं मनाशी म्हणालो. फायलीही दोन फ्लॉप्यांवर घेतल्या. ते कशासाठी, हे तेव्हा मनाशीसुद्धा म्हणालो नाही.

गुरुवारी संध्याकाळी करामाच्या फ्लॅटमध्ये मी कागद डायनिंग टेबलवर पसरला. बायको वाकून बघत राहिली. मग तिनं जिन्यावर बोट ठेवलं, तिथून स्वयंपाकघरापर्यंत नेलं.

"हे कुणी काढलं?"

मी म्हणालो, "मी."

एवढंच. एका अक्षराचा शब्द. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं तिनं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मुलगी खुर्चीवर चढून विचारत होती, "बाबा, व्हेअर इज माय रूम?" आणि मी दुसऱ्याच्या मुलाच्या खोलीवर बोट ठेवून तिला म्हणालो, "ही तुझी."

शुक्रवारी दुपारी शेजारची दोन मराठी कुटुंबं येऊन नकाशा बघून गेली. बायकोनं बोलावली होती. श्रीखंड आणलं होतं. एकानं पडवीचा खर्च दिरहॅममध्ये विचारून लगेच मोठ्यानं रुपयांत सांगितला, जसं काही आम्हाला पाढे येत नव्हते. दुसरा म्हणाला, "छुपे रुस्तम निघालात की!" मी खाली बघितलं. पुन्हा विनय.

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की आता ते मशीन परत देता येणार नाही. उघडलं की तो माणूस प्लॅन गवंड्याला पाठवणार, घर बांधणार आणि बांधलेल्या घराचे फोटो दुबई-अबू धाबीतल्या एकूण एक मराठी माणसाला दाखवणार. चोरीची भीती बांधून होईपर्यंतच असते. गणपतीला तो करामाला यायचाच. माझ्या बायकोसमोर येऊन तो आपली पडवी सांगणार, ओटा सांगणार, जिना सांगणार. त्याला थांबवणं कुणाला कधी जमलं होतं?

खोलीवर पोचलो, अंगातले कपडेही न बदलता मशीन सुरू केलं आणि त्याची डिस्क फॉरमॅट केली. पडद्यावर टक्के वाढत होते आणि मी बाजूला बसून बुटांच्या नाड्या सोडत होतो.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी त्याच्या टेबलाशी गेलो. इंजिनियर स्वतः उठून तिकडे गेला म्हणून सगळे बघायला लागले.

"हार्ड डिस्क गेली तुमची."

"गेली म्हणजे? कुठे गेली?"

"खराब झाली. पासवर्ड चुकीचा टाकून टाकून मशीन बंद-चालू केलंत ना इतक्या वेळा, त्यानं. खलास."

असं काही होत नसतं. त्या टेबलावर कुणालाही हे ठाऊक नव्हतं, आणि मला माहीत होतं की कुणाला ठाऊक नाही. त्यानं हातातला रोटीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"म्हणजे मीच घालवली."

मी खांदे उडवले. त्याच्या या म्हणण्याला मी कधी तोंडानं हो म्हटलेलं नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी तिच्यावर बराच काळ तग धरला. केवढं मोठं पुण्य!

एक रूममेट म्हणाला, "अरे, तुझ्या डोक्यात आहे ना सगळं? परत काढ."

तो बसला काढायला, नाही असं नाही. आठवडाभर बसला. मग ऑफिसात माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "साहेब, जमत नाही. एक भिंत आठवली की दुसरी हलते. जी गोष्ट रोज बघत होतो तीच आठवेना. पासवर्ड गेला तसंच. डोक्यालाच काहीतरी झालंय." त्याच्या आवाजात ती नेहमीची खाज नव्हती. मला हवं होतं तसा तो गप्प झाला होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी त्याला एक रिपोर्ट लवकर द्या म्हणून झापलं.

गवंडी थांबला नाही. पाऊस तोंडावर आल्यावर गावाकडे ड्राफ्ट्समनच्या बायकोनं आणि भावानं मिळून सरळ चार खोल्या आणि वर स्लॅब असं उरकून घेतलं. पुढे कॅम्पात कुणी नवा आला, कॉम्प्युटर घेतला, की तो आपणहून सांगायचा, "पासवर्ड लावू नको रे बाबा. मी एक अख्खं घर विसरलोय." सगळे हसायचे. हळूहळू तोही हसायला लागला. ड्रॉइंग पूर्ण झालं की तो शेजारच्याला तपासायला द्यायचा. पूर्वी दुसऱ्यांच्या कागदांवर वाकणारा माणूस आता आपल्याच कागदाची खात्री दुसऱ्याला विचारायचा.

आमचं घर मात्र झालं. पुण्याचा आर्किटेक्ट, ज्याला फक्त सही करायची होती, तो म्हणाला, "पश्चिमेला एवढी पडवी? दुपारभर भाजून निघाल." मी म्हटलं, असू द्या. "आणि ही अर्धी जमिनीखालची खोली? प्लॉट तर सपाट आहे." असू द्या. "आणि मागचं दार?" मी म्हटलं, प्लॅनमध्ये आहे तसंच. मला काय कुठे का आहे ते माहीतच नव्हतं, मग बदलणार काय? ती पडवी, हे मला पुढे उमगलं, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी होती. खालची खोली उतारामुळे आपोआप मिळणारी, नारळ आणि लाकडं ठेवायची. आमच्याकडे ती खड्डा खणून करावी लागली. दर पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं आणि बायको तिला बेसमेंट म्हणते. मागचं दार उघडलं की हातभर अंतरावर कंपाउंडची भिंत. तिथे विहीर असायला हवी होती. येणारे जाणारे या सगळ्याचं कौतुक करतात. त्या दारासमोर उभं राहून एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले होते, "यात काहीतरी तत्त्व दिसतंय." शहाण्यांना तर काहीही पटवता येतं.

दोन हजारनंतरच्या एका शुक्रवारी करामातल्या एका थाळीच्या हॉटेलात तो आम्हाला भेटला. तोवर त्याची बदली दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कंपनीच्या वर्कशॉपला झाली होती. त्याची बायको व्हिजिट व्हिसावर आलेली. मी हात हलवून निघणार होतो, पण माझ्या बायकोनं खुर्च्या ओढल्या. आणि बसल्या बसल्या पर्समधून फोटोंचं पाकीट काढलं.

"आमचं घर बघा ना. ह्यांनी स्वतः काढलंय. तुम्ही तर त्यातलेच, तुम्हाला कळेल."

तो फोटो बघायला लागला. एकेक, सावकाश. माझ्या हातातला पापड मी मोडतही नव्हतो. पडवीच्या फोटोवर तो थांबला. मग जिन्याच्या. मग पुन्हा पडवीच्या.

"हे दार कुठे उघडतं हो?" त्यानं माझ्या बायकोला विचारलं.

"भिंतीवर!" ती हसली. "त्याचं कारण ह्यांनाच विचारा."

त्यानं मला विचारलं नाही. फोटो नीट एकावर एक ठेवून तो म्हणाला, "छान केलंत साहेब. तुम्हाला जमलं. माझंसुद्धा असंच काहीतरी होतं असं वाटतं."

"झालं सुरू!" त्याची बायको म्हणाली. "कुठलंही चांगलं घर बघितलं की ह्यांना ते आपलंच वाटतं. टीव्हीवरचं दाखवलं तरी म्हणतात, असाच जिना होता. अहो वहिनी, ह्या माणसानं अख्खं घर विसरून दाखवलंय. आम्ही आपले चार खोल्यांत, वर स्लॅबवर धुणं वाळवतोय."

"खरंय," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही." आणि सगळ्यांबरोबर हसला.

मीसुद्धा हसलो. मग त्यांचं बिल देण्यासाठी वेटरला हाक मारली. ते मात्र त्यानं मला देऊ दिलं नाही.

त्याला काहीच संशय आला नव्हता. आला असता तर मी सुटलो असतो. त्यानं कॉलर धरली असती, बायकोसमोर वाभाडे काढले असते, आणि मग मीही त्याला पूर्वीसारखं बडबड्या, भांडकुदळ म्हणून विसरून गेलो असतो. पण तो डोळ्यांनी आपलं घर बघत होता आणि डोळ्यांपेक्षा माझ्या सांगण्यावर त्याचा भरवसा जास्त होता.

तो अजून तिकडेच नोकरीत आहे. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दिवाळीला तो फोन करतो, मी शुभेच्छा देतो, तब्येत विचारतो, तो म्हणतो तब्येत ठीक, फक्त विसरायला होतं. मी म्हणतो, वय झालं आपलं.

मी त्याचं एवढं सांगण्याचं देणं लागतो: तुम्ही पासवर्ड विसरलात त्यानं काहीही गेलं नव्हतं. मशीन त्याच दिवशी उघडलं होतं, घर आत जसंच्या तसं होतं, आणि ते मी पुसलं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.